इतिहास, भूगोल, मराठीच्या शिक्षकांना पुरस्कार आणि प्रशिक्षण कसं मिळतं? अर्ज कोण करतो, गावाने काय करायचं? वाचा सविस्तर

5 सप्टेंबर जवळ आला की तालुक्यातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिनंदनाचे फोटो फिरू लागतात. शाल, श्रीफळ, फेटा आणि हातात सन्मानचिन्ह. विज्ञान प्रदर्शनात बक्षीस आणणारे सर त्यात असतात, शिष्यवृत्ती परीक्षेत पोरं चमकवणाऱ्या मॅडम असतात, संघ विभागापर्यंत नेणारे क्रीडाशिक्षक असतात. इतिहास शिकवणाऱ्या बाई किंवा मराठीचे सर मात्र त्या फोटोत क्वचितच दिसतात.

हे शिक्षक काम करत नाहीत असं नाही. अडचण अशी की त्यांचं काम डोळ्यांना दिसत नाही. विज्ञानाचं मॉडेल टेबलावर मांडता येतं. पण चौथीतल्या पोराला नीट वाचता येऊ लागलं, आठवीची पोरगी ग्रामसभेत उठून प्रश्न विचारायला लागली, याचा फोटो कसा काढायचा? आणि पुरस्काराच्या अर्जात नेमका पुरावा मागतात.

म्हणूनच ही माहिती शिक्षकांसाठी आहे, तशीच पालकांसाठी आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांसाठीही आहे.

आधी या विषयांची जागा समजून घ्या

दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेत इतिहास व राज्यशास्त्राला 40 गुण, भूगोलाला 40 आणि अंतर्गत मूल्यमापनाला 20 गुण असतात. म्हणजे पूर्ण 100 गुणांचा विषय, गणिताएवढाच. तरीही वेळापत्रक बनवताना काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. गणिताचा तास सहसा कोणी हलवत नाही. इतिहासाचा तास ज्यांचा तास रिकामा त्यांच्याकडे जातो.

शिक्षण हक्क कायदा 2009 च्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय की सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा या तिन्हीसाठी किमान एकेक शिक्षक हवा. तुमच्या गावच्या शाळेत सामाजिक शास्त्राचा शिक्षक आहे का, हे मुख्याध्यापकांना विचारायला काहीच हरकत नाही. असेल तर त्यांना वर्षभरात स्वतःच्या विषयाचं एक तरी प्रशिक्षण मिळालं का, हेही विचारा.

पुरस्कार तीन पातळ्यांवर

सगळ्यात जवळचा म्हणजे जिल्हा परिषदेचा जिल्हा आदर्श शिक्षक पुरस्कार. साधारणपणे तालुक्याला एक अशा हिशोबाने नावं निवडली जातात. प्रस्ताव पंचायत समितीच्या शिक्षण विभागातून, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून पुढे जातो.

दुसरा राज्याचा. त्याचं आताचं नाव क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले राज्य शिक्षक गुणगौरव पुरस्कार. यात प्राथमिक, माध्यमिक, आदिवासी क्षेत्रातले प्राथमिक शिक्षक, शिक्षिका, कला व क्रीडा, दिव्यांग शिक्षक, स्काऊट-गाईड असे गट आहेत. राज्यभरातून शंभराच्या आसपास नावं निवडली जातात. गट नीट वाचले तर लक्षात येईल की कला-क्रीडेला स्वतंत्र जागा आहे, पण भाषा, इतिहास किंवा भूगोल असा गट नाही. मराठीच्या सरांची स्पर्धा गणिताच्या सरांशीच होते.

तिसरा केंद्राचा राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार. हा 1958 पासून दिला जातो. प्रमाणपत्र, रौप्यपदक आणि 50,000 रुपये असं त्याचं स्वरूप आहे. पूर्वी देशभरातून तीनशेच्या वर शिक्षकांना तो मिळायचा, आणि त्यात संस्कृत, अरबी, फारसी शिकवणाऱ्यांसाठी काही जागा वेगळ्या असायच्या. 2018 मध्ये पद्धत बदलली. संख्या एकदम कमी होऊन शालेय शिक्षकांसाठी पंचेचाळीस-पन्नासवर आली.

मात्र त्याच बदलात एक चांगली गोष्ट झाली. आता शिक्षकाने स्वतःच पोर्टलवर आपलं नामांकन भरायचं असतं. कोणी शिफारस करेल म्हणून वाट बघायची नाही, कोणाच्या मागे फिरायचं नाही. अर्ज आधी जिल्हा समितीकडे जातात, तिथून राज्य समितीकडे आणि शेवटी राष्ट्रीय परीक्षक मंडळाकडे. जिल्हा समितीचे अध्यक्ष शिक्षणाधिकारी असतात. सरकारी, जिल्हा परिषद-नगरपालिका आणि अनुदानित शाळांचे नियमित शिक्षक अर्ज करू शकतात. कंत्राटी शिक्षकांना हा पुरस्कार नाही, आणि खाजगी शिकवणी घेणाऱ्यांनाही नाही. दिलेली माहिती खरी असल्याचं हमीपत्रही भरावं लागतं.

मोठा पुरस्कार म्हणजे शहरातल्या चकचकीत शाळांचं काम, असा अनेक शिक्षकांचा समज असतो. 2020 चा ग्लोबल टीचर प्राईझ सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना मिळाला होता. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमुळे त्यांचं नाव झालं, हे बहुतेकांना आठवत असेल. त्यांचा दुसरा उपक्रम फारसा कोणाला माहीत नाही. भारत-पाकिस्तानसारख्या एकमेकांशी तणाव असलेल्या देशांतल्या मुलांना ऑनलाइन बोलतं करायचं, असा तो उपक्रम होता. हे तर सरळसरळ नागरिकशास्त्राचंच काम झालं. दहा लाख डॉलरच्या त्या बक्षिसातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली.

अर्जात खरं वजन कशाला?

राष्ट्रीय पुरस्काराच्या अर्जासोबत कामाची फाईल ऑनलाइन जोडावी लागते. कागदपत्रं, उपक्रमांचे अहवाल, क्षेत्रभेटी, फोटो, ऑडिओ, व्हिडिओ हे सगळं त्यात येतं. इथेच भाषेचे आणि सामाजिक शास्त्राचे शिक्षक मागे पडतात. पंचवीस वर्षं मन लावून शिकवलेलं असतं, पण पानभर नोंद नसते.

नोंद म्हणजे फोटोंचा ढीग नव्हे, बरं का. पन्नास फोटो जोडण्यापेक्षा एकच गोष्ट नीट मांडलेली बरी. जूनमध्ये सातवीच्या किती मुलांना स्वतःच्या मनाने दहा ओळी लिहिता येत होत्या आणि मार्चमध्ये किती जणांना येऊ लागल्या, एवढं जरी तारखेसह लिहिलं आणि त्याच मुलांच्या वह्यांची दोन-दोन पानं सोबत लावली, तर वाचणाऱ्याला काम समजतं. वह्या वर्षअखेरीस रद्दीत जाऊ द्यायच्या नाहीत. माझ्या मते भाषाशिक्षकाचा सगळ्यात भक्कम पुरावा तोच आहे.

आणखी एक जागा म्हणजे राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे यांची नवोपक्रम स्पर्धा. प्राथमिक, माध्यमिक असे गट असतात आणि कुठल्याही विषयातला उपक्रम अहवालाच्या रूपात पाठवता येतो. याच परिषदेचं ‘जीवन शिक्षण’ आणि राज्य मंडळाचं ‘शिक्षण संक्रमण’ ही मासिकं शिक्षकांचे लेख छापतात. एकदा अहवाल लिहायची सवय लागली की पुरस्काराचा अर्ज जड जात नाही.

गावातच पडलेला अभ्यासक्रम

या विषयांच्या शिक्षकांकडे विज्ञानवाल्यांकडे नसलेली एक प्रयोगशाळा आहे, ती म्हणजे गाव.

मारुतीच्या देवळाबाहेर किंवा पाराजवळ शेंदूर लावलेले कोरीव दगड तुम्ही पाहिले असतील. त्यातले कित्येक वीरगळ असतात. लढाईत किंवा गुरं वाचवताना मेलेल्या वीराची ती आठवण. सहसा खालच्या चौकटीत लढाई, मधे अप्सरा त्याला वर नेताहेत आणि वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतोय, असं कोरलेलं असतं. माथ्यावर चंद्र-सूर्य. सातवीच्या मुलांनी गावातल्या अशा दगडांची यादी केली, मापं घेतली, चित्रं काढली, म्हाताऱ्या माणसांना विचारून त्यांची लोकांच्या तोंडी असलेली नावं लिहिली, तर तो अस्सल इतिहासाचा अभ्यास आहे. दगड खरवडायचा नाही, उकरायचा नाही, जागेवरून हलवायचा नाही. अक्षरं कोरलेली दिसली तर राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवायचं.

भूगोलाला तर विहिरी पुरतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठराविक गावांतल्या निरीक्षण विहिरींची पाणीपातळी वर्षातून चार वेळा मोजते. तसंच मुलांनी दोरी आणि टेप घेऊन गावातल्या पाच विहिरी मोजल्या, तर तीन वर्षांत असा तक्ता तयार होतो की ग्रामपंचायतीलाही उपयोग व्हावा. मुलं विहिरीजवळ जाताना मोठं माणूस सोबत हवंच, हे वेगळं सांगायला नको. 14 जानेवारीला महाराष्ट्रात भूगोलतज्ज्ञ सी. डी. देशपांडे यांच्या जन्मदिनी भूगोल दिन साजरा होतो. हा तक्ता त्या दिवशी गावासमोर मांडता येईल. तिळगूळ वाटायला लोक एकमेकांकडे जातच असतात.

मराठीच्या शिक्षकांसाठी आजीच्या तोंडच्या ओव्या आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या आता ‘परी’ या ग्रामीण पत्रकारितेच्या संकेतस्थळावर ऐकायलाही मिळतात. त्यांनी केलेलं काम मोठ्या प्रमाणावरचं होतं. शाळेने आपल्या वाडीतल्या चाळीस ओव्या आणि औताच्या भागांची वीस स्थानिक नावं लिहून काढली तरी पुष्कळ झालं. जू, शिवळ, रुमणं हे शब्द आता घरातल्या पोरांनाही सांगता येत नाहीत.

मोडीचं महत्त्व 2023 नंतर सगळ्यांना कळलं

2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यात जुने कागद बाहेर निघाले. शाळेचं जनरल रजिस्टर, कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना 14, जुनी महसुली कागदपत्रं. त्यातलं बरंच मोडीत होतं, मराठवाड्यात निजामकाळातलं काही उर्दूत. कागद समोर होता, पण वाचणारा माणूस मिळेना. मोडी जाणकारांच्या शोधात तेव्हा लोकांनी किती हेलपाटे मारले, ते अनेक घरांना ठाऊक आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही लिपी शाळेत शिकवली जायची. आता ती शिकायची तर पुराभिलेख संचालनालयाच्या प्रशिक्षण वर्गांकडे बघावं लागतं. संचालनालयाची कार्यालयं मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळही, जे 1910 मध्ये वि. का. राजवाडे यांनी स्थापन केलं, मोडी शिकवण्यासाठी ओळखलं जातं. इतिहासाच्या शिक्षकाने सुट्टीत ही लिपी शिकून घेतली तर त्याचा स्वतःचा विषय पक्का होतोच, शिवाय गावाला कागद वाचणारा हक्काचा माणूस मिळतो. अशा शिक्षकाला मान मिळवून द्यायला वेगळं काही करावं लागत नाही, लोक स्वतःहून त्याचं घर शोधत येतात.

एक सावधगिरी मात्र पाळा. जुन्या रजिस्टरच्या पानांवर लोकांची नावं, जात, जन्मतारीख असते. मुलांकडून त्यांचे फोटो काढून ग्रुपवर टाकायचे नाहीत. मुख्याध्यापकांच्या परवानगीशिवाय रजिस्टर बाहेर काढायचंच नाही.

प्रशिक्षणं भरपूर, पण विषयाचं किती?

नव्या शैक्षणिक धोरणात (2020) प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान 50 तासांचं प्रशिक्षण घ्यावं असं म्हटलंय. केंद्रावरची शिक्षण परिषद, डायटची प्रशिक्षणं, दीक्षा ॲपवरचे कोर्स यातून ते तास भरतात. प्रश्न आहे आत काय शिकवलं जातं याचा. माध्यमिक शिक्षकांसाठीच्या निष्ठा 2.0 मध्ये 13 कोर्स होते. त्यातले 12 सगळ्यांसाठी सारखेच आणि विषयाचा फक्त एक. म्हणजे इतिहास कसा शिकवावा यासाठी तेरावा हिस्सा! शिक्षक ‘पुन्हा ट्रेनिंग’ म्हणून कंटाळतात त्यामागे हेही एक कारण आहे.

विषयाच्या जवळचं प्रशिक्षण हवं असेल तर सीसीआरटी, म्हणजे सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र, हे नाव लक्षात ठेवा. केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाच्या अखत्यारीतली ही संस्था 1979 मध्ये सुरू झाली. मुख्यालय नवी दिल्लीत, आणि उदयपूर, हैदराबाद, गुवाहाटी इथे प्रादेशिक केंद्रं आहेत. शिक्षणात कठपुतळीचा वापर, नैसर्गिक आणि सांस्कृतिक वारसा जपण्यात शाळांची भूमिका असे तिचे कोर्स असतात. ते पूर्ण करणाऱ्या शिक्षकाच्या शाळेला शैक्षणिक साहित्याचा संचही मिळतो. नाव शाळा आणि शिक्षण विभागामार्फत जातं. पत्र येतं, केंद्राच्या ग्रुपवर पडतं आणि शंभर मेसेजच्या खाली गाडलं जातं, असं बऱ्याचदा होतं. म्हणून शिक्षकांनी स्वतःहून विचारत राहावं.

पगाराशी जोडलेलं प्रशिक्षण

12 वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि 24 वर्षांनंतर निवड श्रेणी मिळण्यासाठी ठरलेलं प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. ते पुण्याच्या राज्य परिषदेकडून होतं. 2022 मध्ये ते ऑनलाइन झालं होतं. निवड श्रेणीला उच्च शैक्षणिक अर्हतेची अट आहे आणि जागाही ठराविक टक्क्यांनाच असतात. बी.ए. बी.एड. शिक्षकांनी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून किंवा दुसरीकडून एम.ए. करायचं ठरवलं तर आधी लेखी परवानगी घ्यावी आणि ती जपून ठेवावी. पदवी हातात आहे पण परवानगीचा कागद नाही म्हणून सेवापुस्तकात नोंद अडते, तेव्हा होणारा मनस्ताप नको वाटतो.

पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी दिलेल्या निकालात सेवेत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी आवश्यक ठरवली. ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा बाकी आहे त्यांना उत्तीर्ण होण्यासाठी दोन वर्षं दिली. पाच वर्षांपेक्षा कमी राहिलेल्यांची नोकरी त्यामुळे जात नाही, पण बढतीसाठी त्यांनाही टीईटी लागते. सहावी ते आठवीच्या पेपर दोनमध्ये गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र यातला एक 60 गुणांचा भाग निवडता येतो. वीस वर्षं इतिहास शिकवलेल्या शिक्षकाने गणिताची धास्ती घ्यायचं कारण नाही. मात्र बालमानसशास्त्र आणि दोन भाषा यांचे प्रत्येकी 30 गुण सगळ्यांना आहेतच.

विकतचे पुरस्कार ओळखा

‘आपली राष्ट्रीय आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी निवड झाली आहे’ असा मेसेज येतो. खाली बारीक अक्षरात नोंदणी शुल्क, सन्मानचिन्हाचा खर्च, सोबत येणाऱ्यांचं जेवण. कधी तर विद्यापीठाच्या नावाने मानद डॉक्टरेटही देऊ करतात. सरकारी शिक्षक पुरस्काराला पैसे भरावे लागत नाहीत. कोणी पैसे मागितले की समजून जा. फोटो छान येतो, पण सेवापुस्तकात त्याला किंमत नाही. आणि गावकऱ्यांनीही अशा फ्लेक्सवर वर्गणी घालवण्यापेक्षा ते पैसे शाळेच्या वाचनालयाला दिलेले बरे.

गावाने काय करायचं?

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. समितीने मासिक सभेत शिक्षकाच्या एखाद्या ठोस कामाची नोंद ठरावात घेतली, तारीख घातली आणि प्रत शिक्षकाला दिली, तर तो चांगला पुरावा होतो. ठरावात ‘सर फार चांगले आहेत’ असं लिहून उपयोग नाही. ‘सरांनी आठवीच्या मुलांकडून गावातल्या अकरा वीरगळांची नोंद करून घेतली आणि ग्रामसभेत वाचून दाखवली’ असं लिहा. क्षेत्रभेटीला ट्रॅक्टर-टेम्पो देणं, म्हाताऱ्या माणसांना शाळेत बोलायला पाठवणं, मुलांचं हस्तलिखित टाईप करून देणं, ही कामंही घरबसल्या होतात. फोनवर रेकॉर्डिंग करणारी पोरं तर प्रत्येक गल्लीत आहेत.

राष्ट्रीय पुरस्काराचं पोर्टल साधारण जून-जुलैत उघडतं आणि मुदत थोडीच असते. तेव्हा धावपळ करून फाईल बनत नाही. शाळा सुरू झाली की पहिल्याच महिन्यात एक जाड वही घ्या, पहिल्या पानावर तारीख टाका. अर्जाबाबत शंका असेल तर आधी केंद्रप्रमुखांना भेटा. तिथे काम झालं नाही तर पंचायत समितीतल्या गटशिक्षणाधिकारी कार्यालयात जा, आणि पत्राची पोच घ्यायला विसरू नका.